टीपी-लिंक आर्चर टी२यू नॅनो : घ्यावा, पण ड्रायव्हर बघून टाकावा

जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय जोडायचं असेल तर हजार रुपयांच्या आसपास मिळणारा टीपी-लिंकचा आर्चर टी२यू नॅनो हा यूएसबी पोर्टमध्ये लावायचा वाय-फाय डोंगल आजही घेण्यासारखा आहे. ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डेल-एचपीचे डेस्कटॉप, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेऊन जुळवलेले पीसी, आतलं वाय-फाय कार्ड गेलेले लॅपटॉप, सगळ्यांना तो चालतो. 'सारखा डिस्कनेक्ट होतो', '५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही', 'अपडेटनंतर बंद पडला' अशा तक्रारी या जातीच्या डोंगलबद्दल नेहमी ऐकू येतात. त्यातल्या बऱ्याचशा ड्रायव्हर (विंडोजला डोंगल चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), पोर्ट किंवा राउटरच्या सेटिंगमुळे असतात आणि घरबसल्या सुटतात. म्हणून इथे जास्त जागा ड्रायव्हरला दिली आहे.

आधी डोंगलबद्दल. नखाएवढा तुकडा, यूएसबी २.०, आत एकच अँटेना. डबीवर 'एसी६००' लिहिलेलं असतं. ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ आणि २.४ वरचे २०० एमबीपीएस मिळवून, ढोबळमानाने सहाशे करून तो आकडा येतो. दोन्ही बँड एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे सहाशे कधीच दिसणार नाहीत. ४३३ हा लिंक स्पीड, म्हणजे डोंगल आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग आहे, डाउनलोड त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत जातं, तेही राउटर त्याच खोलीत असेल तर. २.४ वरच्या २०० ला तर चॅनेलची ४० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. आपल्याकडच्या सोसायटीत शेजारच्या डझनभर राउटरांच्या गर्दीत ती मिळत नाही. २० मेगाहर्ट्झवर लिंक ७२ च्या घरात येऊन थांबते. शंभरचा फायबर प्लॅन असलेल्या घराला ५ गिगाहर्ट्झवर हा डोंगल पुरून उरतो. तीनशेचा प्लॅन असेल तर पूर्ण वेग मिळणार नाही, मग टी३यू किंवा त्यावरचं मॉडेल बघावं.

आता चिप, कारण ड्रायव्हर चिपचा असतो, डबीवरच्या नावाचा नव्हे. टी२यू नॅनोमध्ये रिअलटेकची आरटीएल८८११एयू आहे. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत डोंगलच्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, खालच्या यादीत 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) २३५७ आणि पीआयडी (मॉडेलचा क्रमांक) ०११ई दिसलं की माल तोच. ही खातरजमा का करायची, तर एकाच नावाखाली चिप बदलण्याची या धंद्यात जुनी सवय आहे. याच कंपनीचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसच्या एआर९२७१ वर होता, दुसऱ्या व्हर्जनपासून रिअलटेकवर आला. नाव तेच, डबी तशीच, ड्रायव्हर पूर्ण वेगळा. म्हणून साइटवरून फाइल उतरवण्याआधी डोंगलवरच्या किंवा डबीवरच्या लेबलवर 'व्हर' पुढे काय लिहिलंय ते वाचा आणि सपोर्टच्या पानावर तेच व्हर्जन निवडा. नॅनोवरची अक्षरं बारीक असतात. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघितला की झालं.

पहिली अडचण ठरलेली असते. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा आहे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडून सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करणं. विंडोज १० आणि ११ फोनला 'रिमोट एनडीआयएस' नावाचं नेटवर्क कार्ड समजतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. केबल मात्र डेटा नेणारी हवी. फक्त चार्जिंगची असेल तर टेदरिंगचं बटण दाबताच येत नाही. आयफोनला ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून या कामाला अँड्रॉइडच बरा. डबीत सीडी निघाली तरी तिच्या मागे लागू नका, तिच्यावरचा ड्रायव्हर जुना असणार.

बऱ्याच मशीनवर डोंगल लावताक्षणी विंडोज स्वतःच ड्रायव्हर टाकतं आणि नेटवर्कची यादी दिसायला लागते. ते दोन-चार दिवस नीट चाललं तर काहीही करू नका. त्रास असेल तरच कंपनीचा टाका, आणि तोही आधीचा काढून. काढण्याची पद्धत अशी : डिव्हाइस मॅनेजर, 'नेटवर्क ॲडॅप्टर्स', डोंगलच्या नोंदीवर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. पुढच्या चौकटीत ड्रायव्हरही काढायचा का असा पर्याय असतो, तिथे टिक करायलाच हवी. ती राहिली तर नोंद जाते पण फाइल विंडोजच्या साठ्यात तशीच राहते आणि डोंगल परत लावला की तोच जुना ड्रायव्हर बसतो. 'नवा टाकला तरी काही फरक नाही' यामागे बहुतेकदा हेच असतं. मग डोंगल काढा, पीसी रीस्टार्ट करा, झिप फाइल पूर्ण उघडून फोल्डरमध्ये ठेवा (झिपच्या आतूनच सेटअप चालवला तर शेजारच्या फाइली त्याला सापडत नाहीत), सेटअपवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' द्या आणि सांगेल तेव्हाच डोंगल लावा.

सेटअप अडला तर हाताने टाकता येतो. 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कंप्युटर', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क' या वाटेने जाऊन उघडलेल्या फोल्डरमधली 'आयएनएफ' फाइल दाखवायची. हे उघडलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. विंडोज ११ नव्याने टाकताना नेटवर्कच्या पायरीवर गाडी अडते तेव्हा तेच कामाला येतं. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये त्या पडद्यावर 'इन्स्टॉल ड्रायव्हर' असं बटण आहे, त्याला हे फोल्डर दाखवलं की काम पुढे सरकतं.

युटिलिटी, म्हणजे वाय-फाय जोडण्यासाठीचा कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम, टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. टीपी-लिंकच्या जुन्या पॅकेजांत 'ड्रायव्हर आणि युटिलिटी' की 'फक्त ड्रायव्हर' असं विचारलं जातं. तिथे फक्त ड्रायव्हर निवडा. विंडोज एक्सपीच्या काळात कंपनीची युटिलिटी उपयोगी होती. आज नेटवर्क शोधणं, पासवर्ड लक्षात ठेवणं, हॉटस्पॉट, सगळं विंडोजची 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिस करते. त्यावर दुसरा प्रोग्रॅम बसवला की दोघांची ओढाताण होते आणि जोडलेलं नेटवर्क मध्येच सुटतं. एकदा टाकलेली असेल तर कंट्रोल पॅनेलमधून काढा आणि 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग चालू आणि 'ऑटोमॅटिक' आहे ना ते बघा. ती बंद राहिली तर ड्रायव्हर ठणठणीत असूनही वाय-फायचं चिन्हच गायब होतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या नोंदीवर पिवळं त्रिकोणी चिन्ह दिसलं तर गुगल करण्याआधी प्रॉपर्टीजमधला कोड वाचा, त्यात निम्मं उत्तर असतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डोंगल सुरू होत नाही. चुकीच्या व्हर्जनचा ड्रायव्हर हे नेहमीचं कारण, तेव्हा वरच्या पद्धतीने काढून योग्य तो टाका. कोड ४३ आणि सोबत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असेल तर ड्रायव्हरशी झगडू नका. विंडोजला डोंगलची ओळखच वाचता आलेली नाही. दुसरा पोर्ट, मग दुसरा पीसी; तिथेही तेच दिसलं तर डोंगल बदलून घ्यावा. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. हा विंडोज ७ वर जास्त दिसतो, कारण एसएचए-२ पद्धतीच्या सह्या ओळखायला त्याला वेगळं अपडेट लागतं. त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे; तिथे वेळ घालवण्यापेक्षा मशीन पुढच्या विंडोजवर नेणं बरं.

डिस्कनेक्ट होण्याची तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिची कारणं दोन. पहिलं, वीज वाचवणं. डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. तेवढ्याने भागत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर प्लॅनमध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जखाली 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' हेही 'डिसेबल्ड' करा. पीसी थोडा वेळ रिकामा राहिल्यावर नेट जात असेल तर हेच कारण धरून चालावं. दुसरं कारण जागेचं. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये लावलेला नॅनो पत्र्याचा कॅबिनेट आणि भिंत यांच्या मधे दबतो. त्यात शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क असेल तर आणखी भर. यूएसबी ३.० च्या केबल-कनेक्टरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. हार्ड डिस्कवर कॉपी सुरू केली की वाय-फाय मंदावतं ते यामुळे. एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. ड्रायव्हर बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा कित्येकदा या केबलने पडतो.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'netsh wlan show drivers' चालवा. रेडिओच्या प्रकारांत '८०२.११एसी' आलं तर ड्रायव्हर ठीक आहे, राउटरकडे वळा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून वापरायचे असतात आणि स्वस्त डोंगल तिथे नीट जुळत नाहीत. भारतात २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा घरगुती वाय-फायला खुला आहे, त्यामुळे 'ऑटो'वर ठेवलेला राउटर या मधल्या चॅनेलवर जाऊ शकतो. त्याला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनेल हाताने द्या. राउटरवर सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए३' (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवली असेल तर जुना ड्रायव्हर जोडणीच करत नाही, 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असं मिश्र ठेवा.

अपडेट कधी करावं? नवं विंडोज टाकलं, वर सांगितलेला एखादा बिघाड आहे, किंवा ड्रायव्हर फार जुना आहे, तेव्हा. मे २०२१ मध्ये 'फ्रॅगअटॅक्स' नावाने वाय-फायमधल्या बऱ्याच त्रुटी एकदम जाहीर झाल्या, त्यांची दुरुस्ती ड्रायव्हरमधूनही करावी लागते. डिव्हाइस मॅनेजरच्या 'ड्रायव्हर' टॅबवरची तारीख त्याआधीची असेल तर नवा आहे का ते जरूर बघा. बघायच्या जागा दोनच : टीपी-लिंकचं सपोर्टचं पान, आणि विंडोज अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलं 'ऑप्शनल अपडेट्स'. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअरं लांब ठेवा. ती आयडी नीट न जुळवता जवळपासचा ड्रायव्हर बसवतात आणि वर पैसेही मागतात. अपडेटनंतर बिघडलं तर त्याच टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. तो दाबता येत नसेल तर मागचा ड्रायव्हर साठ्यात उरलेला नाही. तेव्हा पेन ड्राइव्हवरचं फोल्डर काढा.

लिनक्सवाल्यांसाठी परिस्थिती आता खूप सुधारली आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ कर्नेलमध्ये (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) या चिपचा ड्रायव्हर आतच आहे, 'आरटीडब्ल्यू८८' कुटुंबात. उबुंटू २५.०४ मध्ये डोंगल लावा आणि वापरा. जुन्या कर्नेलवर बाहेरचा ड्रायव्हर 'डीकेएमएस'ने, म्हणजे कर्नेल बदललं की ड्रायव्हर पुन्हा बांधून देणाऱ्या साधनाने, बांधावा लागतो. कर्नेल हेडर्स टाकलेले नसतील तर बांधणी अर्ध्यावर थांबते. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल तर बांधताना एक पासवर्ड मागितला जातो, रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा घाईत पुढे ढकलला की ड्रायव्हर बांधलेला असूनही चालत नाही. आणि जुनी मशीन नव्या कर्नेलवर नेताना आधीचा डीकेएमएसचा ड्रायव्हर काढून टाका, नाहीतर एकाच डोंगलवर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकसाठी घेऊ नका, त्यावर चालणारा ड्रायव्हर नाही. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर नॅनो सोडून टी२यू प्लस घ्या. चिपचं कुटुंब तेच, पीआयडी सोडून ड्रायव्हरबद्दल वर सांगितलेलं त्यालाही लागू, फक्त बाहेर ५ डीबीआयची अँटेना आहे आणि पल्ल्यात तिचा फरक स्पष्ट जाणवतो. कोणताही घेतलात तरी परतीची मुदत संपण्याआधी तो ५ गिगाहर्ट्झवर जोडून एखादी मोठी फाइल सलग उतरवा, पीसी स्लीपमध्ये टाकून उठवा आणि नेट आपोआप परत येतं का ते बघा. स्लीपनंतर येत नसेल तर आधी पॉवर मॅनेजमेंटची टिक तपासा. ती काढलेली असूनही, दोन वेगळ्या पोर्टवर, तेच होत असेल तर डोंगल परत करून टाका.