ग्वाल्हेरात संकटकाळासाठी शस्त्र: .315 रायफल, 30-06, .22 की दुनळी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात भिंतीला भिंत लागलेल्या घरात राहणारा आणि डबरा गावाच्या बाजूला शेतावर राहणारा, दोघेही परवान्याच्या अर्जात .315 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) रायफल मागतात. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात रायफल म्हटली की हीच डोळ्यांपुढे येते. पण दोघांची गरज एक नाही. शस्त्र ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: नेम चुकला, तर गोळी कुठे जाऊन थांबणार?

.315 कडे आधी पाहू. इंग्रजांनी .303 हे लष्करी काडतूस सामान्यांच्या हाती जाऊ दिलं नाही, म्हणून 8 मिमीच्या मानलिखर काडतुसावर ही शिकारी रायफल बेतली गेली. .303 आजही प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं; .315 नाही, तिला जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना पुरतो. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा; मॅगझिनमध्ये पाच काडतुसं. देशी काडतूस खडकीच्या कारखान्याचं, बुडावर ‘केएफ’ शिक्का. उघड्या रानात शंभर-दीडशे मीटरवर भरवशाची.

ती अडते भरताना. काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे राहिली, तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत गुंततात आणि रायफल ठप्प होते. म्हणून भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली की नाही, ते अंगठ्याने चाचपून पाहायचं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बोल्ट अर्धाच मागे ओढणं. मग रिकामं टरफल बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस उचललं जात नाही. घाबरलेला हात हेच करतो. बोल्ट शेवटपर्यंत, ठासून ओढायची सवय नकली काडतुसांवर घरबसल्या लागते.

घरात मात्र .315 नको. दार, पत्रा, खिडकी ती सहज भेदते, साडेचार इंची विटेच्या भिंतीचाही भरवसा धरता येत नाही. पलीकडच्या खोलीत आपलीच माणसं असतात, त्यापलीकडे शेजारी.

30-06 बद्दल थोडक्यात. 1906 सालचं हे अमेरिकी लष्करी काडतूस आपल्याकडे प्रतिबंधित नाही. ताकद साडेतीन हजार ज्यूलच्या वर, धक्काही तसाच. संरक्षणासाठी एवढ्या ताकदीचं काम ग्वाल्हेरच्या आसपास निघत नाही. रानडुकरं आणि नीलगाईंसाठी कुणी घेत असेल, तर 1972 चा वन्यजीव कायदा आधी समजून घ्यावा. परवानगीशिवाय बार काढला तर परवाना तर जाईलच, खटलाही होईल.

.22 हलकी, धक्का जवळजवळ नाही, ताकद जेमतेम 140 ज्यूल. नेम शिकायला हिच्यासारखी दुसरी नाही. पण गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते, म्हणून मागे मातीचा बांध हवाच. हिचं काडतूस रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असलेलं; ते न उडण्याचं प्रमाणही जास्त. संकटात विसंबावं असं हे शस्त्र नव्हे.

आता दुनळी, म्हणजे 12 बोअर. रायफल नाही म्हणून लोक तिला कमी लेखतात, आणि तिथेच चुकतात. दोन नळ्या, दोन चाप: एक काडतूस उडालं नाही तर बोट मागच्या चापावर जातं. मध्ये दुमडून उघडली की भरलेली की रिकामी, ते घरातल्या कुणालाही दिसतं. छर्रे रायफलच्या गोळीपेक्षा फार लवकर वेग गमावतात. दारं तेही भेदतात, तेव्हा दिशेचा विचार इथेही सुटत नाही. ‘छर्रे पसरतात, नेम लागत नाही’ हा समज सोडावा. खोलीच्या अंतरावर पसारा मुठीएवढाच असतो. वडिलोपार्जित दुनळी असेल तर नळीवरचा शिक्का बघा. 65 मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) 70 मिमीचं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

आमचं मत असं: शहरातल्या घरासाठी दुनळी. शेतावर एकटं घर, चारी बाजूंना मोकळं रान आणि मागे बांध असेल, तरच .315.

कोणतंही घ्या, संकटात ते हाताशी असेलच असं नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करायला लावतात. परवाना व्यक्तीचा असतो; तुम्ही गावाला गेलात तर घरच्यांना ते वापरता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवान्याची मुदत पाच वर्षं. अर्ज ए-1 नमुन्यात, वय किमान 21. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, पण गरजेपुरत्याच बळाचा, आणि पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर तोही नाही. म्हणून 112 आधी.

ऑगस्ट 2021 मध्ये इथल्या सिंध नदीच्या पुराने या भागात जे केलं, ते आठवून शस्त्राची जागा ठरवा: लोखंडी कपाट, भिंतीत बोल्ट केलेलं, जमिनीपासून वर. काडतुसं वेगळ्या कुलपात, पत्र्याच्या शेडखाली नकोत. रायफल पाण्यात बुडालीच तर ती रिकामी आहे याची आधी खात्री करा, बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. चिखलाचा गोळा अडकला असताना बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, कोरडी करा, मगच तेलाचा पातळ हात. काडतुसाला तेल लावू नका. ते प्रायमरमध्ये, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोपीत, झिरपून बार फुसका जातो. भिजलेली काडतुसं वापरू नका, विक्रेत्याकडे नोंद करून परत द्या. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा.