देणगी सुलभ, प्रायोजकत्व अवघड: सागरी संग्रहालयासाठी वापरलेल्या ऑनलाइन निधी-सेवेचे परीक्षण

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात तेथील मच्छीमार कुटुंबांच्या पुढाकाराने एक लहानसे सागरी संग्रहालय उभे करण्याचे ठरले आहे. त्यासाठी नाशिकमधून निधी जमवण्याचे काम आमच्या न्यासाने २०२४-२५ या आर्थिक वर्षात अंगावर घेतले आणि देणग्या स्वीकारण्यासाठी एका ऑनलाइन सेवेची निवड केली. न्यासाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे या सेवेची दर्शनी बाजू आणि मागील दालन अशा दोन्ही बाजू मला रोज पाहाव्या लागल्या. काही तक्रारींचा पत्रव्यवहार अद्याप चालू असल्याने सेवेचे नाव येथे देत नाही. मात्र अशाच कामासाठी अशीच सेवा घेऊ पाहणाऱ्या लहान संस्थांना पुढील निरीक्षणे उपयोगी पडावीत.

प्रथम जे चांगले आहे ते सांगतो. आवाहनाचे पान मराठीत करता येते, मोबाइलवर ते झटकन उघडते, आणि यूपीआयने पैसे भरणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही. गंगापूर रोडवरील एका प्रदर्शनात आम्ही संग्रहालयाचे कल्पनाचित्र आणि क्यूआर कोड असलेला फलक उभा केला होता. तेथे बाजाराची पिशवी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने गप्पा मारता मारता शे-दोनशे रुपये पाठवावेत आणि पुढच्या क्षणी त्याच्या मोबाइलवर पोच यावी, हे पावती पुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्या आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना नवलाचे वाटले. रोख रकमेचा हिशेब आणि सुट्ट्या पैशांची अडचण तर गेलीच, शिवाय २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ८०-जी ची, म्हणजे देणगीवरील प्राप्तिकराची, सवलत मिळत नाही, हे प्रत्येकाला समजावून सांगण्याची वेळही टळली.

पान तयार करण्याचा अर्ज मात्र वेगळ्याच गरजेसाठी बेतलेला आहे. त्यात लाभार्थीचे नाव, वय आणि त्याच्यावरील संकटाचे वर्णन हे रकाने भरल्याखेरीज पुढे जाता येत नाही. रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे उभे करताना हे रकाने योग्यच आहेत, पण जिला अजून भिंतीही नाहीत अशा इमारतीचे वय काय लिहावे, हा प्रश्न आम्हांला पडला. सेवेच्या प्रतिनिधीने सुचवले की मच्छीमारांच्या मुलांची केविलवाणी छायाचित्रे टाकल्यास प्रतिसाद वाढेल. आम्ही ते मानले नाही. गावकऱ्यांना आपली रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे), आपले डोल जाळे, मचव्याचे सुकाणू आणि शीड पुढच्या पिढीला दाखवायचे आहे. त्यांना कोणाची दया नको आहे. त्याऐवजी रापण ओढतानाचे एक छायाचित्र आणि कोणत्या दालनात काय मांडले जाईल याची साधी माहिती आम्ही दिली, आणि ती वाचून विचारपूस करणारे देणगीदार मिळाले.

पैसे भरण्याच्या पानावर एक गोष्ट मला सरळ आक्षेपार्ह वाटते. देणगीचा आकडा लिहिला की त्याखाली ‘सेवेला ऐच्छिक साहाय्य’ म्हणून आणखी काही टक्के रक्कम आधीच धरलेली असते, आणि ती शून्यावर आणण्याची सोय बारीक अक्षरांत दडलेली असते. ज्येष्ठ देणगीदारांपैकी अनेकांना ती सक्तीची वाटली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या ऑनलाइन क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ग्राहकाच्या संमतीवाचून बिलात जादा रक्कम घुसवणे हा त्यांतील एक प्रकार आहे. विशेष म्हणजे त्याची व्याख्या करताना ‘धर्मादाय देणगी’चाही उल्लेख केलेला आहे. खरेदीच्या बिलात देणगी घुसवणे जर गैर असेल, तर देणगीच्या बिलात सेवेची बिदागी घुसवणे कसे चालावे? सेवेने थेट शुल्क घ्यावे. कार्डाने दिलेल्या १०,००० रुपयांवर २ टक्के शुल्क धरले तर २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये होतात. इतके उघडपणे सांगितले असते तर कोणाची तक्रार राहिली नसती.

देणगीदाराला जे दिसत नाही आणि हिशेबनिसाला जे टाळता येत नाही, तेथे ही सेवा अधिक उणी पडते. दिवसभरात आलेल्या देणग्या शुल्क वजा करून एकत्रच बँकेत जमा होतात, आणि त्या रकमेत कोणाचे किती होते याची यादी वेगळ्या दालनातून, वेगळ्या क्रमाने उतरवून घ्यावी लागते. त्याहून मोठी अडचण पॅन क्रमांकाची आहे. देणगीदारांची नावे, पत्ते, ओळख क्रमांक आणि रकमा भरलेला १०-बीडी हा अर्ज आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत दाखल करून त्यातून निघणारे १०-बीई प्रमाणपत्र प्रत्येकाला द्यावे लागते, आणि उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये भुर्दंड असतो. असे असताना सेवेच्या पानावर पॅनचा रकाना ऐच्छिक होता. परिणामी एप्रिल आणि मे महिने दूरध्वनी करण्यात गेले, आणि अनोळखी आवाजाने पॅन विचारल्यावर लोक जे बोलतात ते सगळे ऐकून घ्यावे लागले. दोष त्यांचा नाही; फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे?

‘नाव गुप्त ठेवा’ या पर्यायाबद्दल मात्र सेवेला दाद दिली पाहिजे. हा पर्याय निवडला तर नाव जाहीर यादीतून वगळले जाते, परंतु न्यासाकडे ते पोहोचते. पूर्णपणे निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर न्यासाला ३० टक्के कर भरावा लागतो, याचे भान पान तयार करणाऱ्यास होते असे दिसते.

पावतीविषयी एक बारीक पण बोचणारी गोष्ट नोंदवतो. पीडीएफ पावतीत मराठी जोडाक्षरे फुटतात: ‘ज्ञानेश्वर’ या नावातील पहिले अक्षर हलन्त ज आणि सुटा ञ असे छापून येते, ‘श्री’चे तीन तुकडे होतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या रकमेची अशी पावती एका बाईंनी न्यासाच्या कचेरीत आणून माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “दादा, हे नाव वाचून दाखवा बरं.” आम्ही त्यांना हाताने लिहिलेली पावती दिली. तक्रार केल्यावर सेवेकडून आलेले उत्तर इंग्रजीत होते, आणि पावतीवरची नावे आजही तशीच फुटतात.

पानाच्या डोक्यावर ‘कर वाचवा’ अशी मोठी पट्टी आहे, ती तर काढूनच टाकायला हवी. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०-जी ची वजावट मिळत नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनाही आमच्यासारख्या न्यासाला दिलेल्या रकमेच्या निम्म्यावरच, आणि तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत, वजावट मिळते. पट्टी वाचून पैसे भरणाऱ्याचा विवरणपत्र भरताना हिरमोड झाला की त्याचा राग सेवेवर निघत नाही, न्यासावर निघतो.

आता प्रायोजकत्वाकडे वळतो, कारण माझ्या मते या सेवेची खरी कसोटी तेथेच लागते आणि तेथेच ती नापास होते. सेवेने ‘सुवर्ण’, ‘रौप्य’ आणि ‘कांस्य’ असे तीन प्रायोजक गट तयारच ठेवले आहेत. रक्कम निवडावी, बोधचिन्ह चढवावे, झाले. व्यक्तीची देणगी, दुकानदाराचे प्रायोजकत्व आणि कंपनीचा सामाजिक दायित्व निधी या तिन्हींना ही सेवा एकाच टोपलीत टाकते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नामफलकाचेच उदाहरण घ्या. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की देणगीदाराच्या कृतज्ञतेपुरता नामफलक लावला आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही. म्हणजे ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ अमुक कुटुंबाकडून’ हा फलक देणगीत बसतो. त्याच फलकावर दुकानाचे बोधचिन्ह, मालाची यादी आणि दूरध्वनी क्रमांक आला की ती जाहिरातसेवा होते आणि कराचा प्रश्न उभा राहतो. हा फरक सेवेच्या पानावर कोठेही नाही. उलट ‘सुवर्ण’ गटातील प्रायोजकालाही तीच ८०-जी ची पावती आपोआप जाते, आणि ती चुकीची आहे. मेन रोडवरील एका व्यापाऱ्याने स्वतःच हे दाखवून दिले; त्यांच्या सनदी लेखापालाने तो खर्च जाहिरातीत धरला होता आणि हाती पावती आली देणगीची. शेवटी प्रायोजकांचे सर्व व्यवहार आम्ही सेवेबाहेर काढले आणि स्वतंत्र करारपत्राने केले.

सातपूर आणि अंबड येथील कंपन्यांकडे गेल्यावर तिसरा पेच समोर आला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष लागू पडणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि वारसा, कला व संस्कृतीचे जतन हा विषय त्या कामांच्या यादीत आहे. तथापि आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असे नियमच सांगतात. सामाजिक निधी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ‘सुवर्ण प्रायोजक’ असे छापलेले माहितीपत्रक ठेवणे म्हणजे आपल्याच हाताने नकार मागून घेणे होय. या अधिकाऱ्यांना हवे असतात असा निधी घेण्यासाठी लागणारा न्यासाचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि टप्प्याटप्प्याचे अंदाजपत्रक. यांतील एकही कागद ठेवण्याची जागा सेवेच्या दालनात नाही. त्यातच २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला असताना नाशिकच्या उद्योजकांकडे मागणारे हात पुष्कळ आहेत, आणि कोकणातल्या संग्रहालयाची पाळी रांगेत बरीच मागे येते.

वस्तुरूप देणग्यांसाठीही या सेवेत काहीच सोय नाही. संग्रहालय म्हटल्यावर लोक केवळ पैसे देत नाहीत; कोणी गलबताची प्रतिकृती देतो, कोणी आजोबांचा होकायंत्राचा डबा देतो. अशा वस्तूंवर ८०-जी ची सवलत नसते, हे तेथे लिहिलेले असणे आवश्यक होते. त्याहून नाजूक बाब प्रवाळाची आहे. कॉलेज रोडवरील एका कुटुंबाने दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेला प्रवाळाचा झुबका मोठ्या मनाने देऊ केला. प्रवाळ, समुद्रघोडा आणि देवमाशाची हाडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे असे काहीही वन खात्याला विचारल्याशिवाय स्वीकारायचे नाही, असा नियम आम्ही केला. रत्नागिरीच्या मत्स्यालयातील देवमाशाचा सांगाडा पाहून आलेल्यांना हे पटवून देणे कठीण जाते, परंतु शासकीय संशोधन केंद्र आणि गावचे संग्रहालय यांना एकच माप लागत नाही.

सर्वांत मोठी उणीव सेवेच्या रचनेतच आहे: प्रत्येक आवाहनाला एक उद्दिष्ट आणि एक अंतिम मुदत असते, आणि आकडा गाठला की पान बंद होते. इमारत बांधायला हे ठीक आहे. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, लाकूड फुगते, जाळ्यांना बुरशी लागते, आणि त्यांची निगा राखण्याचा खर्च इमारत पुरी झाल्यावर सुरू होतो. आयएनएस विक्रांतचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ मध्ये मुंबईत संग्रहालय म्हणून खुली झाली, सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये बंद करावी लागली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्याविषयी लोकांच्या मनात प्रेम कमी नव्हते. कमी होती ती वर्षानुवर्षे देखभाल करणारी तरतूद.

हा विचार नाशिककरांना परका नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने कोरवलेला लेख आहे, आणि त्यात ३,००० कार्षापण नाण्यांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवल्याची नोंद आहे: २,००० दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, हेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. २,००० वरील वर्षाचे २४० कार्षापण व्याज लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ याप्रमाणे वस्त्रांसाठी वाटले जाई. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात शूर्पारकाला म्हणजे सोपाऱ्याला दिलेली दाने आणि दमण, डहाणू या बाजूच्या नद्यांवर सुरू केलेल्या विनामूल्य नावा यांचा उल्लेख आहे. ‘नाशिकला समुद्र नाही, मग तुम्हांला ही उठाठेव कशाला?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही हाच लेख दाखवतो.

दरमहा आपोआप रक्कम देण्याची सोय या सेवेत आहे, आणि देखभालीच्या खर्चासाठी ती उत्तम आहे. पण ती दुसऱ्या पानावर तळाशी ठेवल्यामुळे आम्ही स्वतः सांगितल्याखेरीज कोणाला सापडली नाही. मुद्दल राखून केवळ व्याज वापरायच्या कायम निधीसाठी तर वेगळा रकानाच नाही. देणगी कायम निधीत धरायची असेल तर देणगीदाराची तशी लेखी सूचना लागते, आणि सेवेच्या सर्वसाधारण पावतीने ते भागत नाही. शे-पाचशे ते काही हजारांपर्यंतच्या देणग्यांसाठी ही सेवा आम्ही पुढील वर्षीही वापरणार आहोत. ज्यांना संग्रहालयाच्या कायम निधीस रक्कम द्यावयाची आहे, त्यांनी ती न्यासाच्या बँक खात्यात थेट भरावी आणि सोबत ‘ही रक्कम कायम निधीसाठी असून तिचे केवळ व्याज वापरावे’ असे सहीचे पत्र, पॅन क्रमांकासह, न्यासाच्या कचेरीत द्यावे. पावती हाताने लिहून मिळेल.