ट्रेलरचा हिवाळा : घरापुढे, मोकळ्या तळावर की छपराखाली?

मिशिगनमध्ये ऑक्टोबर सरत आला की ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, असलेल्या कुटुंबात एकच प्रश्न उभा राहतो: एप्रिलपर्यंत हा ठेवायचा कुठे? डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबाने यंदाच पहिला ट्रेलर घेतला असेल, त्याच्यापुढे सहसा चार पर्याय असतात: घरच्या ड्राइव्हवेवर (घरापुढच्या गाडी लावायच्या जागेत) आच्छादन घालून ठेवणे, भाड्याचा मोकळा तळ, भाड्याची छपराखालची पण न तापवलेली जागा आणि तापवलेले गोदाम. पहिल्या तीन ठिकाणी तापमान गोठणबिंदूखाली जाणारच, म्हणून जागा ठरवण्याआधी ट्रेलरच्या नळ्यांतल्या पाण्याचा निकाल लावावा लागतो.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि नळीच्या जोडात किंवा पंपात अडकलेले थोडेसे पाणीही ते भाग फोडू शकते. ते काढण्याच्या पद्धती दोन आहेत. पहिली म्हणजे काँप्रेसरने हवा सोडून नळ्या मोकळ्या करणे. तिला खर्च कमी येतो आणि वसंतात नळाच्या पाण्याला कसलीही चव राहत नाही. मात्र दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या आत ठेवावा लागतो, शिवाय पंपात आणि खोलगट वळणांत थोडे पाणी राहून जाते. दुसरी पद्धत नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत सहज न गोठणारा द्रव, भरण्याची. हा सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव असतो; मोटारीच्या रेडिएटरमधला एथिलीन ग्लायकॉलचा द्रव विषारी असल्याने तो पिण्याच्या नळ्यांत कधीही घालू नये. वॉटर हीटरची टाकी रिकामी करून बायपासच्या तोटीने वगळली, तर दोन ते तीन गॅलन पुरतात. ती वगळायला विसरल्यास सहा गॅलनची टाकी भरण्यातच सगळे अँटिफ्रीझ संपते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी फक्त हवा सोडली होती. आतले सगळे नळ उघडले, पण बाहेरच्या बाजूच्या शॉवरचा नळ विसरलो, आणि एप्रिलमध्ये पाणी भरताच ते भिंतीच्या आत झिरपू लागले. विसर दोन्ही पद्धतींत पडू शकतो, हे खरे. परंतु प्रत्येक नळातून गुलाबी रंग आला की नाही हे डोळ्यांनी पडताळता येते, तर हवेने न निघालेले पाणी दिसतच नाही. म्हणून दोहोंपैकी एकच पद्धत करायची असेल, तर मी अँटिफ्रीझ सुचवेन. हवेची पद्धत निवडली, तरी सिंक आणि शॉवरखालच्या वाकड्या नळ्यांत थोडे अँटिफ्रीझ ओतावेच लागते, कारण तिथले पाणी हवेने जात नाही.

आता जागा. ड्राइव्हवेचा मोठा फायदा भाडे वाचण्याचा वाटतो; माझ्या मते त्याहून मोठा फायदा म्हणजे ट्रेलर रोज नजरेसमोर राहतो. आच्छादन सुटले, छतावर हिम साचले किंवा उंदरांच्या लेंड्या दिसल्या, तर त्याच दिवशी काहीतरी करता येते. सहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छतावर ३० सेंटिमीटर ताजे, हलके हिम साचले, तरी त्याचा भार चारशे किलोंच्या आसपास जाऊ शकतो, आणि ओले हिम याच्या कितीतरी पट जड असते. ते मऊ ब्रशने वेळेवर उतरवायला माणूस घरी हवा. आच्छादनासाठी निळी प्लास्टिकची ताडपत्री मात्र वापरू नये. ती वाऱ्याने फडफडून रंग आणि रबरी छत घासते, आणि आतली ओल बाहेर जाऊ न दिल्याने बुरशी धरते. हवा खेळू देणारे, ट्रेलरच्या मापाचे कापडी आच्छादन महाग असले, तरी हा खर्च टाळण्यासारखा नाही. काही वसाहतींच्या नियमांत ट्रेलर घरापुढे ठेवण्यास मनाई असते, तेव्हा आच्छादन घेण्याआधी ते नियम वाचावेत.

मोकळ्या तळावर भाडे फक्त जागेचे भरावे लागते. ऊन, हिम आणि वारा तेवढेच लागतात आणि नजर मात्र कोणाचीच नसते. वसाहतीची मनाई असून छपराखाली जागा मिळत नसेल, तरच मी तो पर्याय घेईन, आणि ट्रेलरच्या कपलरला (मोटारीला जोडण्याच्या भागाला) कुलूप घालूनच.

छपराखालच्या, न तापवलेल्या जागेत हिमाचा भार आणि ऊन दोन्ही टळतात, त्यामुळे छतावरच्या सांध्यांचे सीलंट आणि टायर जास्त टिकतात. उंदीर तिथेही येतातच. विजेची तार आणि नळ्या जिथून आत शिरतात, ती भोके स्टील वूलने (बारीक पोलादी तारांच्या गुंत्याने) बुजवावीत आणि अन्नाचा कणही आत ठेवू नये. तिथे प्लग मिळेलच असे नाही, म्हणून बॅटरी काढून घरी आणावी. पूर्ण भरलेली लेड-अॅसिड बॅटरी मिशिगनच्या थंडीत गोठत नाही. उतरलेली मात्र गोठून फुटू शकते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

तापवलेल्या गोदामाचे भाडे सर्वांत जास्त. तिथे नळ्यांत पाणी राहू देता येते, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत ट्रेलर घेऊन फ्लोरिडाला निघणाऱ्यांनाच ते घेण्याजोगे आहे, आणि वीज गेल्यास तिथेही पाणी गोठू शकते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे डिसेंबर-जानेवारीत चार-पाच आठवडे भारतात जातात, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच फिरतो. नेमक्या कडक थंडीत घराला कुलूप असेल, तर ड्राइव्हवेचा मुख्य फायदा उरत नाही. अशा वर्षी छपराखालची जागाच घ्यावी. हिवाळाभर घरी राहणाऱ्याने चांगले आच्छादन घेऊन ट्रेलर घरापुढे ठेवावा. छपराखालची जागा ठरवताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात: मधल्या काळात ट्रेलर पाहायला येता येते का, दाटीवाटीच्या रांगांमुळे तो वसंतात ठरावीक तारखेलाच बाहेर काढता येतो का, आणि प्रोपेनचे सिलिंडर आत चालतात का. चालत नसतील तर तोट्या बंद करून ते उतरवावेत आणि घराबाहेर, उघड्यावर, उभे ठेवावेत. गॅरेजमध्ये किंवा तळघरात नेऊ नयेत.