सर्व्हर-साइड ट्रॅकिंगच्या नावाखाली माझे १,२०,६०० रुपये गेले. ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांनी नक्की वाचा

सर्व्हर-साइड ट्रॅकिंग म्हणजे ऑर्डर झाल्याची खबर सर्व्हरवरून थेट फेसबुकला पाठवायची सोय. आकडे आधी सांगते. सेटअपची फी ३५,००० रुपये. त्यावर ‘जीएसटी’ म्हणून ६,३००. ‘सर्व्हरचं भाडं’ महिन्याला २,९५० प्रमाणे चार महिन्यांचे ११,८००. आणि हे काम घेतलेल्या माणसानं दाखवलेल्या फुगीर आकड्यांवर विसंबून जाहिरातीत जास्तीचे घातलेले ६७,५००. एकूण १,२०,६००. २०२४-२५ च्या ७,५५० रुपयांच्या हमीभावानं हिशेब केला तर जवळपास १६ क्विंटल तूर. आमच्यासारख्या घरगुती धंद्यासाठी ही किरकोळ रक्कम नाही.

लातूरमधून आम्ही बोरसुरीची तूरडाळ, वसमतची हळद, पानचिंचोलीची चिंच आणि सासूबाईंच्या हातचा काळा मसाला विकतो. वेबसाइट वूकॉमर्स या दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, जाहिरात फेसबुक-इन्स्टाग्रामवर, रोजचे १,००० रुपये. एका ऑर्डरमागं जाहिरातीचा खर्च २५० च्या आसपास दिसायचा आणि ऑर्डरीमागं हातात राहायचे साधारण २७०. म्हणजे पहिल्या ऑर्डरीत काहीच उरत नव्हतं. डाळ आवडून पुन्हा मागवणाऱ्या गिऱ्हाइकांवर दुकान चाललं होतं.

हा माणूस उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. ऑफिस संभाजीनगरला आहे म्हणाला. बोलणं गोड, मराठी आपल्याकडचं, पहिल्या फोनपासून ‘ताई’. ‘ताई, तुमच्या निम्म्या ऑर्डरी फेसबुकला दिसतच नाहीत, म्हणून जाहिरात महाग पडते.’ यातलं ‘निम्म्या’ सोडलं तर बाकीचं खरं होतं, आणि माझा राग तिथंच आहे. ब्राउझरमधला पिक्सेल, म्हणजे ऑर्डर झाली की फेसबुकला कळवणारा छोटा कोड, ॲड-ब्लॉकर अडवतो. आयफोनचा सफारी ब्राउझर जावास्क्रिप्टनं ठेवलेल्या कुकी (गिऱ्हाईक ओळखायच्या खुणा) सात दिवसांत पुसतो. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आल्यापासून आयफोनवर ॲपला माग ठेवायचा तर परवानगी मागावी लागते. पैसे भरून झाल्यावर धन्यवादाचं पान उघडायच्या आत कुणी मोबाइल बंद केला, तर ती ऑर्डर पिक्सेलला कळतच नाही. म्हणून ऑर्डरीची खबर ब्राउझरवर न सोडता दुकानाच्या सर्व्हरवरून थेट पाठवायची, याला कन्व्हर्जन्स एपीआय म्हणतात. ही सोय खरी आहे, कामाची आहे. मी नेटवर वाचून खात्री करून घेतली होती. ज्यांना वाटतं की मी डोळे झाकून पैसे दिले, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वूकॉमर्ससाठी फेसबुकचं स्वतःचं फुकट प्लगिन (वेबसाइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आहे आणि त्यात कन्व्हर्जन्स एपीआयची सोय आहे, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. शॉपिफायवर दुकान असणाऱ्यांनाही फेसबुक-इन्स्टाग्राम चॅनेलच्या सेटिंगमध्ये ते फुकट मिळतं. कुणी ३५,००० मागितले तर आधी विचारा, फुकटच्या प्लगिनपेक्षा तुम्ही वेगळं काय देणार? उत्तर लेखी घ्या.

दोन दिवसांत काम झालं म्हणाला. डोमेनला एक सबडोमेन (आमच्याच वेबसाइटच्या नावाखालचा आणखी एक पत्ता) जोडायला लावलं, फेसबुकच्या बिझनेस मॅनेजरमध्ये स्वतःला ॲडमिन करून घेतलं, आणि गूगल टॅग मॅनेजरचा सर्व्हर कंटेनर, म्हणजे जिथून ही खबर पुढं जाते ती जागा, स्वतःच्या खात्यात उघडला. माझ्या खात्यात का नाही, असं मी विचारलं होतं. ‘ताई, तुमच्याकडून चुकून काही डिलीट झालं तर?’ त्या वेळी हे काळजीचं बोलणं वाटलं. कंटेनर तुमच्या जीमेलवरच उघडायला लावा. एजन्सीला पार्टनर म्हणून जाहिरात खात्यापुरता आणि पिक्सेलपुरता हक्क द्या, ॲडमिन कुणालाच करू नका. सख्ख्या भावाला सुद्धा नाही.

पहिल्याच आठवड्यात खर्च २५० वरून ११५ वर आला. घरात सगळ्यांना आनंद झाला. तो म्हणाला, आता बजेट वाढवा, आता नाही वाढवलं तर कधी. आम्ही १,००० चे २,५०० केले.

आता ती गोष्ट सांगते, जी आठवली की आजही झोप उडते. एका शनिवारी संध्याकाळी कुरियरचा मुलगा पार्सलं उचलायला आला होता. हे पिशव्या मोजून देत होते, मी मोबाइलवर जाहिरातीचं पान बघत होते. आदल्या दिवसाच्या खरेदी १७ दिसत होत्या. पिशव्या ९ होत्या. मी ह्यांना परत मोजायला लावलं. नऊच. वेबसाइटच्या ऑर्डरींचं पान उघडलं, तिथंही नऊच. तिथंच उभ्या उभ्या त्याला व्हॉइस मेसेज टाकला की बाकीच्या आठ ऑर्डरी कुठं आहेत?

उत्तर लगेच आलं. ‘ताई, ती ॲट्रिब्युशन विंडो आहे. सात दिवस क्लिक, एक दिवस व्ह्यू. जुन्या क्लिकच्या खरेदी आज मोजल्या जातात.’

शब्द खरे, वापर खोटा. ॲट्रिब्युशन म्हणजे झालेल्या ऑर्डरीचं श्रेय कोणत्या जाहिरातीला द्यायचं ते ठरवणं. त्यानं श्रेय इकडचं तिकडं होईल, पण न झालेली ऑर्डर जन्माला येत नाही. दुकानात नऊ ऑर्डरी असतील तर श्रेय वाटायला नऊच आहेत, १७ कुठून येणार? हे एक वाक्य त्या दिवशी कुणी मला सांगितलं असतं तर पुढचे पैसे वाचले असते. पण ज्याला आपण जाणकार म्हणून पैसे देतो, तो इतक्या ठामपणे सांगतो तेव्हा माणूस विश्वासच ठेवतो. डॉक्टरनं रिपोर्ट समजावून सांगितला तर आपण त्याच्याशी वाद घालतो का?

पुढं पुण्याचा माझा भाचा सुट्टीला आला तेव्हा त्यानं फेसबुकचं इव्हेंट्स मॅनेजर (आलेल्या खबरी मोजणारं पान) उघडून आठवड्याचा हिशेब समोर मांडला. खरेदीच्या ओळीत सर्व्हरकडून ५२, ब्राउझरकडून ४३, बेरीज ९५. वेबसाइटवर ऑर्डरी ५२. प्रत्येक ऑर्डर सर्व्हरही कळवत होता, पिक्सेलही कळवत होता, आणि दोन्ही एकच आहेत हे फेसबुकला कळायला जो समान इव्हेंट आयडी लागतो तो पाठवलाच नव्हता. दोन्हीकडून इव्हेंटचं नाव आणि आयडी सारखा गेला, तर ४८ तासांच्या आतली जोडी एकच धरली जाते. ऑर्डर नंबरच आयडी म्हणून दोन्हीकडं दिला असता तरी भागलं असतं. पिक्सेलला न दिसलेल्या नऊ ऑर्डरी सर्व्हरमुळं कळल्या, एवढंच त्या कामाचं खरं मोल. त्या आठवड्यात जाहिरातीला गेले १७,५००. पानावर एका खरेदीमागं १८४ दिसत होते, खरे पडत होते ३३६, तेही सगळ्या ऑर्डरी जाहिरातीनंच आल्या असं धरलं तर. हातात राहणार २७०. प्रत्येक पार्सलबरोबर आम्ही घरातले ६६ रुपये देत होतो.

चूक कुणाचीही होते म्हणाल. मग सर्व्हरच्या भाड्याचं काय? माझ्या आग्रहावरून त्यानं सर्व्हरच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. भाच्यानं तो मोठा करून बघितला, तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘फ्री प्लॅन’. महिन्याला दहा हजार रिक्वेस्टपर्यंत (सर्व्हरकडं येणाऱ्या खबरी) एक पैसा लागत नाही असं होस्टिंग, आणि आमची फक्त खरेदीचीच खबर जात असल्यानं सगळं त्यात आरामात बसत होतं. त्याचे मी २,९५० भरत होते. पावती म्हणून आलेला कागद प्रोफॉर्मा होता, म्हणजे पक्कं बिल नव्हतंच. त्यावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. ते शोधायला ना लॉगिन लागतं ना पैसे. कुणालाही ॲडव्हान्स देण्याआधी हे करा.

जाब विचारला तेव्हा ‘ताई’ची ‘मॅडम’ झाले. मग फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. नाव लिहीत नाही. तिथला पहिला प्रश्न, ‘ओटीपी दिला होता का?’ नाही. ‘लिंकवर क्लिक केलं होतं का?’ नाही. ‘मग फसवणूक कसली? पैसे तुम्हीच पाठवले, काम त्यानं केलंय.’ मी दोन्ही आकड्यांचे प्रिंट टेबलावर ठेवले. साहेबांनी कागद उलटासुद्धा केला नाही. ‘हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? फुकटच्या गोष्टीचं भाडं घेणं, रद्द नंबरवर कर घेणं, हे कोणत्या व्यवहारात बसतं? साधी अर्जाची पोच मिळवायला भांडावं लागलं. सायबरवाले म्हणाले ठाण्यात जा, ठाणं म्हणालं सायबरला जा. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही. मुंबई-पुण्याच्या बाईला हेच ऐकावं लागलं असतं का, असं राहून राहून वाटतं. आमच्या भागातल्या बायकांनी ऑनलाइन धंदा करावा म्हणून शिबिरं घेतात, फोटो काढतात. तक्रार घेऊन गेलं की ‘घरच्या कुणाला तरी घेऊन या’ म्हणतात. हे माझ्याबरोबरच उभे होते, तरी मला असं सांगितलं.

ठाण्यानं हात झटकले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करता येतो, मी केलाय. पैसे नुकतेच गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, माझे जाऊन महिने झाले होते. ग्राहक आयोगात ‘धंद्यासाठी घेतलेली सेवा’ म्हणून तुम्हाला परत पाठवू बघतील, पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांना सूट आहे, तेच अर्जात पहिल्या ओळीत लिहा. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आणि असा माणूस पळाला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याचा ॲडमिन हक्क काढा, कन्व्हर्जन्स एपीआयचा टोकन (खबर पाठवायची गुप्त किल्ली) नवा करा, सबडोमेनची डीएनएस नोंद (तो पत्ता कोणत्या सर्व्हरवर जातो ते सांगणारी) पुसा. ती नोंद तशीच राहिली तर तुमच्या दुकानाच्या नावाच्या पत्त्यावर उद्या दुसराच कुणी काहीही टाकू शकतो. आम्ही फुकटचं प्लगिन लावलं, इव्हेंट्स मॅनेजरच्या टेस्ट इव्हेंट्समध्ये एक ऑर्डर टाकून बघितली, आता आकडा ऑर्डरींशी जुळतो. बजेट परत १,००० वर आणलंय.

जालना, बीड, परभणीतही कामं चालू आहेत असं तो स्वतःच सांगायचा. तुमच्याकडं असा प्रोफॉर्मा कागद असेल, कंटेनर दुसऱ्याच्या खात्यात असेल आणि महिन्याचे २,९५० जात असतील, तर आजच पार्सलं मोजून बघा. आणि लाज न बाळगता आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकाच माणसावर चार जिल्ह्यांतून अर्ज गेले तर त्याला व्यवहारातला वाद म्हणून कुणाला कागद बाजूला सारता येणार नाही.