नोडचा साधा सर्व्हर फ्रेमवर्कशिवाय: आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले, माझं नोंदी ठेवायचं छोटं अ‍ॅप नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) नुसत्या एचटीटीपी मॉड्यूलवर चालतंय, एक्सप्रेससारखं तयार फ्रेमवर्क नाही की दुसरं कुठलं पॅकेज नाही. सुरुवात खरंच सोपीये, क्रिएटसर्व्हरला एक फंक्शन द्यायचं, लिसनला ३००० पोर्ट द्यायचा, फाइल रन करून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडायचं, सात-आठ ओळीत काम होतं. फक्त रिस्पॉन्सला एंड करायला विसरलात तर ब्राउझर नुसता फिरत बसतो, एरर वगैरे काही येत नाही, आणि न सापडलेल्या पानाचं ४०४ पण आपणच पाठवायचं.

खरा त्रास झाला मराठी मजकुराचा. हेडरमध्ये (उत्तराच्या आधी जाणारी माहिती) यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग नाही लिहिलं तर अक्षरांचा कचरा दिसतो, हे लगेच कळलं. मग पान मधेच तुटायला लागलं, कारण मी कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये (उत्तर किती बाइट्सचं ते) स्ट्रिंगची लेंग्थ टाकत होतो, आणि 'मराठी' ची लेंग्थ ५ असली तरी बाइट्स १५ असतात. तिथे बफरचं (नोडमध्ये कच्चे बाइट्स ठेवायची सोय) बाइटलेंग्थ वापरायचं, किंवा तो हेडर स्वतः लिहूच नका.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पुढच्या गोष्टीने. मोठी नोंद सेव्ह केली की कधीतरी एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह यायचं, छोट्या नोंदीत कधीच नाही, तीन संध्याकाळी गेल्या शोधण्यात. रिक्वेस्टचा मजकूर तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा ३ बाइटची, त्यामुळे तुकडा बरोबर मधे पडला आणि आपण प्रत्येक तुकडा लगेच स्ट्रिंगला जोडत गेलो की ते अक्षर मेलं. तुकडे अ‍ॅरेमध्ये जमवा, शेवटी बफर कॉन्कॅट करून मग स्ट्रिंग करा. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही, म्हणून एवढं लिहितोय.

फाइल वाचताना रीडफाइलसिंक वापरू नका, जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते, मोठी फाइल वाचून होईपर्यंत बाकी सगळे ताटकळत राहतात. न पकडलेली एक एरर आली तर अख्खा सर्व्हर बसतो, मी आता सिस्टमडीला (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू ठेवणारा प्रोग्राम) रिस्टार्टचं काम दिलंय. कोड बदलला की बंद-चालू करायची कटकट नोडच्या वॉच फ्लॅगने गेली. एचटीटीपीएससाठी पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवलाय, तो ४४३ पोर्ट सांभाळतो आणि नोड मागे ३००० वर निवांत.

शिकायला आणि छोट्या कामाला मी हेच घ्या म्हणेन, रिक्वेस्ट म्हणजे नक्की काय येतं ते हाताने केल्यावरच कळलं मला. आता फोटो अपलोड पाहिजेय, मल्टिपार्ट (अपलोड केलेली फाइल ज्या रूपात येते ते) पार्स करणं मात्र हाताने लिहिणार नाही, तेवढी एक लायब्ररी घेतोय, बाकी सर्व्हर आहे तसाच राहील.