एप्सन व्ही६००, आठ महिन्यांनी: फोटोखालची ती एक ओळ

स्कॅनर घेतला तो बाबांच्या निगेटिव्हसाठी. कपाटात बुटांचं खोकं होतं, त्यात सहा बाय सहा सेंटिमीटरच्या कृष्णधवल पट्ट्या. बऱ्याचशा अ‍ॅग्फा क्लिक ३ कॅमेऱ्यावर काढलेल्या, काही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलवर. पुण्याचे इतके पावसाळे खाऊन काहींवर बुरशीची जाळी धरलेली. आठ महिन्यांत ते खोकं अर्धंच उरकलंय, पण मधल्या काळात माझे स्वतःचे ३५ एमएमचे रोलही मी घरीच स्कॅन करायला लागले. त्यामुळे हा अनुभव यंत्राचा जितका, तितकाच माझ्या एका नव्या खोडीचाही आहे: टाकलेल्या प्रत्येक फोटोखाली स्कॅनर आणि त्याची सेटिंग लिहिणं.

खोडीचं मूळ मामेभावाच्या एका फोनात आहे. मेणवलीच्या घाटावरचा संध्याकाळचा फोटो मी टाकला होता आणि खाली फक्त ‘कोडॅक गोल्ड २००’ लिहिलं होतं. त्यानं तो मधासारखा रंग बघून तीन रोल आणले, एक संपवला, लॅबमधून स्कॅन आले आणि लगेच फोन. “ताई, तुझ्यासारखा पिवळा आलाच नाही गं. दुकानदारानं जुना रोल तर नाही ना मारला माझ्या गळ्यात?”

मी माझी फाईल पुन्हा उघडली. सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर रिस्टोरेशन’ची खूण लागलेली होती, आदल्या दिवशी विटलेल्या जुन्या प्रिंट स्कॅन करताना मीच लावलेली. ती काढून तीच फ्रेम परत स्कॅन केली तर आकाश राखाडी-निळं, घाटाचा दगड दगडाच्या रंगाचा. फिल्म बिचारी निर्दोष. मध माझा होता.

रंगीत निगेटिव्हचं हे असंच असतं. स्लाइड उजेडावर धरली की निदान ताडून बघता येतं. निगेटिव्हवर नारिंगी थर असतो, तो वजा करून रंग उलटे करायचे, आणि ते किती नि कसे हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या अकलेनं ठरवतं. एप्सन स्कॅन, सिल्व्हरफास्ट, व्ह्यूस्कॅन, तिघांना एकच पट्टी दिली तर तीन वेगळ्या संध्याकाळी मिळतात. लॅबमध्ये स्कॅनर फ्रंटियर असो वा नोरित्सू, पुढे बसलेला माणूस फ्रेमगणिक बटणं दाबून रंग हलवतो. मी एका लॅबवाल्याला विचारलं, कुठल्या मशीनवर केलंत? उत्तर आलं, “मोठ्या मशीनवर, मॅडम.” आता माझ्या जुन्या फोटोंखाली ‘लॅब स्कॅन, मशीन माहीत नाही’ असंच लिहिलंय.

डिजिटल आइस हे या यंत्रातलं सगळ्यात लाडकं बटण. इन्फ्रारेड प्रकाशानं धूळ नि ओरखडे ओळखून ते भरून काढतं. सी-४१ या नेहमीच्या रंगीत रसायनात धुतलेल्या फिल्मवर चमत्कार वाटावा असं काम, कारण त्या फिल्मचे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात आणि अडवते ती फक्त धूळ. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीचं. चांदी इन्फ्रारेड अडवते, मग यंत्र चित्रालाच घाण समजून पुसायला घेतं. हे मला कळलं ते आत्याच्या लग्नाच्या फोटोवर. साडीचे काठ मेण वितळल्यासारखे, आणि मी दोन दिवस बाबांच्या फोकसला बोल लावत बसलेले! म्हणून आता ओळीत ‘आइस चालू’ की ‘आइस बंद’ हेही येतं. इलफर्डची एक्सपी२ मात्र कृष्णधवल असूनही सी-४१मध्ये धुतली जाते, तिला आइस चालतं. हा फरक लिहिला नाही तर वाचणारा एचपी५सारख्या आपल्या चांदीच्या फिल्मचे स्कॅन खराब करून बसेल.

डीपीआयबद्दल, म्हणजे इंचाला किती ठिपके, थोडं सावध राहा. खोक्यावर ६४०० आहे आणि त्या सेटिंगला ३५ एमएमच्या एका फ्रेमची ५०हून जास्त मेगापिक्सेलची फाईल येते. पण स्वतंत्र चाचण्यांत या यंत्राचा खरा तपशील दीड हजार डीपीआयच्या आसपास भरतो. हिशेब केला तर ३५ एमएमला तीन-साडेतीन मेगापिक्सेल, सहा बाय सहाला १२च्या घरात. म्हणून बाबांच्या मोठ्या निगेटिव्हवर हे यंत्र जीव ओवाळून टाकावा असं, आणि ३५ एमएमवर मोबाइलच्या पडद्यापुरतं. नुसतं ‘६४०० डीपीआय’ लिहून मिरवण्यात अर्थ नाही. मी ३२००ला स्कॅन करते, निम्मं करते, आणि तसंच लिहिते. शार्पनिंग किती केलं तेही, कारण लोक ज्याला फिल्मचा ‘ग्रेन’ म्हणून वाखाणतात तो पुष्कळदा शार्पनिंगनं उठवलेला असतो.

हे सगळं फाईलच्या पोटात जात नाही का? थोडं जातं. पण तिथली तारीख असते स्कॅनची, त्यामुळे आत्याचं लग्न माझ्या गॅलरीत परवाच्या डोशाशेजारी बसलंय. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की पोटातली माहिती गळून पडते. फोटोखाली हातानं लिहिलेलं टिकतं, निदान जरा जास्त टिकतं.

बाकी तक्रारी किरकोळ. होल्डरमध्ये एका वेळी १२ फ्रेम बसतात, पण उन्हाळ्यात गुंडाळी झालेली पट्टी मध्येच फुगून काचेला टेकली की फोटोत इंद्रधनुषी वळी उमटतात. मी पट्ट्या आठवडाभर जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवते. चकचकीत बाजू खाली, हे विसरलं की दुकानांच्या पाट्या उलट्या. आइस लावून १२ फ्रेम म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपवर कुकर, पोळ्या आणि ओटा पुसणं, एवढा वेळ.

परवा टाकलेल्या फोटोखालची ओळ अशी होती: ‘अ‍ॅग्फा क्लिक ३, इंदू १२०, एप्सन व्ही६००, ३२०० डीपीआय, आइस बंद, बुरशीचे डाग हातानं काढले, डावा कोपरा तसाच ठेवलाय.’ बाबांनी चष्मा वर करून ती वाचली. म्हणाले, “सगळं लिहिलंस, फोटो कुणी काढला ते राहिलं.”

ते आता ओळीच्या सुरुवातीला जातं.