गच्चीवरच्या फ्रीझर युनिटला स्प्रिंग माउंट : दिवाळी ते जूनचा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा श्रीखंड-आमरसाचा धंदा आहे. तळमजल्यावर उणे 18 अंशांचा वॉक-इन फ्रीझर आणि त्याचं कंडेन्सिंग युनिट, म्हणजे कॉम्प्रेसर, पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असलेलं मशीन, गच्चीवर. भिंतीला भिंत लागून शेजारच्या आजी राहतात. रात्री कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांच्या फडताळातली भांडी किणकिणायची. त्या बिचाऱ्या कधी बोलल्या नाहीत, पण कळल्यावर आम्हालाच चैन पडेना.

गच्चीवर उभं राहिलं तर आवाज बेताचा, आजींच्या खोलीत मात्र घरघर. म्हणजे तो हवेतून नाही, स्लॅबमधून उतरत होता. युनिटखाली पातळ रबरी पॅड होते, पण आमचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण 1450 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चोवीसेक. एवढी संथ थरथर पातळ रबराला दाद देत नाही. याउलट युनिटखाली बसवलेली, त्याच्या वजनाने 25 मिमी दबणारी स्प्रिंग स्वतः सेकंदाला तीनच हेलकावे घेते, म्हणून बरीचशी थरथर खाली पोचतच नाही. घेताना एक बघा : कॉम्प्रेसरच्या बाजूला वजन जास्त असतं, तिथल्या स्प्रिंगा जास्त भाराच्या लागतात. चारही सारख्या घेतल्या तर युनिट कलतं.

दिवाळीनंतर स्प्रिंगा बसवल्या, घरघर खूपच उतरली. तरी भांडी थोडी वाजतच होती. तांब्याच्या पाइपावर हात ठेवला तेव्हा उलगडा झाला : पाइप लोखंडी क्लॅम्पने आजींच्या सामाईक भिंतीला आवळलेला, आणि भिंत हाताला झिणझिणत होती. मग क्लॅम्पमध्ये रबर घातलं आणि कॉम्प्रेसरजवळ गॅस येण्या-जाण्याच्या दोन्ही लाइनींना जाळीदार लवचिक नळी जोडून घेतली. ही नळी कॉम्प्रेसरच्या शाफ्टला समांतर हवी आणि तिचं पलीकडचं टोक पक्कं बांधलेलं हवं. स्प्रिंगांवर युनिट चालू-बंद होताना जास्त डोलतं, त्यामुळे नळी नसेल तर सांधा तडकून गॅस जायची भीती. माझ्या मते स्प्रिंगांइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

एका मेकॅनिकने युनिटला चहूबाजूंनी पेटी करायला सांगितलं होतं. आम्ही साफ नकार दिला. मे महिन्यात बडोद्यात पारा 42च्या पुढे जातो. कंडेन्सरला मोकळी हवा मिळाली नाही की प्रेशर चढतं आणि मशीन ट्रिप होतं, तेही ऐन आमरसाच्या हंगामात.

पंख्याचा सूंऽऽ आवाज राहिलाच आहे, त्यावर स्प्रिंगचा इलाज नाही. भांडी आता वाजत नाहीत. पावसाळ्यासाठी गॅल्व्हनाइज्ड स्प्रिंगाच घ्या, आणि खाली पाणी साचू देऊ नका. युनिट जमिनीवर असेल तर जाड निओप्रीन (कृत्रिम रबर) पॅडवरही भागेल. जुन्या घराच्या गच्चीवर मात्र स्प्रिंगच घ्या.